शिवलेल्या लिफाफ्यातला कोरा कागद

१

लिफाफा सगळ्यांसमोर उघडला आणि आतून निघाला कोरा कागद. ना सही, ना तारीख, ना चुकून पडलेला शाईचा ठिपका.

करारसाहेबांनी कागद उलटा केला, उजेडाकडे धरला, मग लिफाफ्याचं तोंड फाकवून आत डोकावून पाहिलं. आत काय असणार? हवा. "अहो, पण पत्र कुठाय?" असं त्यांनी विचारलं, आणि तेही लिफाफ्यालाच.

शहरातल्या सगळ्यात महागड्या रस्त्यावरची ती दगडी कमानींची इमारत. सगळी एकाच मालक कंपनीची. खाली एकोणीस दुकानं, वर भाडेकरारांचं ऑफिस, आणि ऑफिसात करारसाहेब. तिथला नियम जुना आणि कडक होता. दहा वर्षांचा करार संपत आला की ज्याला दुकान पुढे ठेवायचं असेल त्यानं तसं पत्र बंद लिफाफ्यात आणून द्यायचं. ऑफिसनं लिफाफा न उघडता त्याच्या कोपऱ्यावर दाबाचा शिक्का मारायचा. हा शाईचा शिक्का नव्हे. लोखंडी चिमट्यात कोपरा धरून कचकन दाबला की फुगीर ठसा उमटायचा. मग लिफाफा काचेच्या कपाटात कुलूपबंद, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचा. आत पत्र नसेल तर दुकान गेलं. रड नाही, ओरड नाही.

कोरा कागद निघाला तो बटणवाल्याच्या लिफाफ्यातून. त्याचं दुकान नुसत्या बटणांचं, रस्त्याकडे तोंड अवघं नऊ फूट. पण त्या रस्त्यावर नऊ फूट म्हणजे चेष्टा नव्हती. तिथे रस्त्यापासून आत वीस फुटांपर्यंत सोनं आणि त्यामागचं सगळं पितळ, असा हिशेब. शेजारची परफ्यूमवाली त्या नऊ फुटांसाठी कधीची टपून बसलेली.

"पत्र मी स्वतः आणून दिलं होतं!" बटणवाल्याची लेक ताडकन उठली. त्याच्या वतीनं तीच आली होती, कारण दुकान उघडं असताना बटणवाला कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. "लिफाफा तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. आता पत्राला पाय फुटले?"

करारसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या मोजणीबाईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मोजणीबाई तीस वर्षं त्या रस्त्यावरची दुकानं मोजत होती. एक इंच इकडचा तिकडे नाही, कुणाच्या चहाचीही मिंधी नाही. म्हणून प्रत्येक करारात एक कलम होतंच: वाद झाला तर चौकशी मोजणीबाईनं करायची, आणि तिचा शब्द दोघांनाही मान्य.

"शनिवारी दुपारी बारापर्यंत सांगा," करारसाहेब म्हणाले. "पत्र इथे ऑफिसात गायब झालं असेल, तर दुकान त्यांचंच राहील. नसेल, तर..." त्यांनी परफ्यूमवालीकडे पाहिलं नाही, पण बघायचं राहिलं एवढंच.

"बरं," मोजणीबाई म्हणाली, आणि कागद-लिफाफा पिशवीत ठेवला. आवाज शांत होता. पण पिशवीचा बंद तिनं दोन-दोनदा ओढून बांधला, आणि त्याचं कारण त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

२

कारण सांगायला लाज कसली? कारण बटणवाला होता.

बारा वर्षांपूर्वी ती त्याचं दुकान मोजायला गेली आणि तिच्या कोटाचं एक बटण तुटलं. त्यानं दुसरं काढून दिलं. पुढच्या शनिवारी ती आणखी एक घ्यायला गेली, कोटाला गरज नसताना. तेव्हापासून दर शनिवारी. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झालेली, घरी कुणी वाट बघणारं नाही, आणि आठवड्यातली ती वीस मिनिटं संपली की पुढच्या वीस मिनिटांची वाट बघणं सुरू. पण बोलायची सोय नव्हती. बटणवाला स्वतःच वाट बघत होता, आणि तिची नव्हे.

त्याची बायको चौदा वर्षांपूर्वी "आलेच हं" म्हणून दुकानातून बाहेर पडली ती आलीच नाही. का गेली, कुठे गेली, कुणाला कळलं नाही. म्हणून तो उंबरा सोडत नसे. ती आली आणि आपण नसलो तर?

दुकान गेलं तर लेक त्याला आपल्या शहरात घेऊन जाणार हे ठरल्यातच जमा होतं. म्हणजे शनिवार संपले. तेव्हा मोजणीबाईला चोर हवा होता, आणि तो ऑफिसातलाच हवा होता. आधी उत्तर ठरवून मग टेप लावायची, असं पाप तिनं उभ्या जन्मात केलं नव्हतं. आता करायला निघाली होती आणि तिला ते कळतही होतं.

त्याच दुपारी ती दुकानात गेली. तो एका गिऱ्हाइकाचं पुडकं बांधत होता. डावखुरा माणूस, डाव्या हातानं दोरा गुंडाळत होता.

"ऐकलं ना काय झालं ते?"

"लेकीनं सांगितलं." त्यानं दोरा तोडला. "बसा ना बाई. दमलेल्या दिसता."

"तुम्ही पत्र लिहिलं होतं ना?"

"मजकूर लेकीनं लिहिला, खाली मी सही केली. तिच्यासमोर."

"आणि लिफाफा तुम्हीच शिवलात?"

तो ओशाळा हसला. अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं की हा माणूस डिंक वापरत नाही. लिफाफ्याचं झाकण आतल्या कागदासकट चार टाक्यांनी शिवायचं, वर एक चपटं बटण लावायचं आणि उरलेला दोरा बटणाभोवती गुंडाळून गाठ मारायची. "डिंक काय, ओलावा लागला की सुटतो," तो नेहमी सांगायचा. करारसाहेब त्याच्या पत्रांना "सदरे" म्हणत.

"काळजी करू नका," मोजणीबाई म्हणाली. "मी शोधून काढते."

बटणवाला दोऱ्याचं रीळ जागेवर ठेवत राहिला. ती निघताना मात्र मागून म्हणाला, "बाई, नाही सापडलं तरी चालेल हो."

भला माणूस, तिला वाटलं. दुसऱ्याला त्रास नको म्हणून बोलतोय. आणि तिचा पाय तिथून निघेना.

३

शुक्रवारी सकाळी तिनं करारसाहेबांना गाठलं. ते कसलासा कागद घाईघाईनं खणात सारत होते.

"दाखवा," ती म्हणाली.

तो नकाशा होता. बटणवाल्याचं दुकान आणि परफ्यूमचं दुकान, मधली भिंत गायब. कोपऱ्यात तारीख गेल्या महिन्याची.

"लिफाफा उघडायच्या आधीच भिंत पाडलीत?"

"अहो बाई, कागदावर!" करारसाहेबांना घाम फुटला. "कागदावर मी या रस्त्यावरची अर्धी दुकानं पाडलीत. धंदाच आहे आमचा. उद्या कुणी गेला तर जागा कशी विकायची, हे आजच बघून ठेवावं लागतं. म्हणून काय मी चोर?"

"कपाटाची किल्ली?"

"माझ्याकडे. एकच." हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मटकन खुर्चीत बसले. "बाई, घरी दोन पोरं शिकतायत. तुम्ही जर लिहिलंत की पत्र माझ्या ऑफिसातून गेलं, तर कंपनी मला उद्या दाराबाहेर काढेल. मी हात लावला नाही हो त्या लिफाफ्याला. शिक्का मारला आणि आत ठेवला, बस्स."

"तुम्ही नसताना इथे कुणी बसलं होतं?"

करारसाहेब घुटमळले. मग म्हणाले, "ती. परफ्यूमवाली. गेल्या मंगळवारी, अर्धा तास. आणि मी कपाटाला कुलूप लावलं होतं की नाही, देवाशपथ, आठवत नाही."

मोजणीबाईचं काळीज सुपाएवढं झालं. जिने उतरून ती तशीच परफ्यूमच्या दुकानात शिरली.

परफ्यूमवाली काही लपवणाऱ्यातली नव्हती. "हवंय मला ते दुकान. काय चोरी आहे त्यात? तीन वर्षं झुरतेय. पण बाई, मी वर गेले होते ती साहेबांना सांगायला, की म्हाताऱ्याला उगाच घाई करू नका. अर्धा तास बसले, साहेब आले नाहीत, निघून आले."

"एवढा कळवळा कुठून आला एकदम?"

"कळवळा कसला, कोडं पडलंय मला!" ती जवळ सरकली. "ज्याला दहा वर्षं राहायचंय तो असा वागतो का? महिनाभरात एक पेटी माल आला नाही त्याच्याकडे. परवा आपला भिंतीवरचा आरसा काढून मला देऊन टाकला. म्हणाला, तुमच्याकडे शोभेल. मी म्हटलं, काका, बरं आहे ना? तर नुसते हसले."

हे ऐकायला मोजणीबाई आली नव्हती. ती दाराशी उजेडात उभी राहिली आणि पिशवीतून कोरा कागद काढला, निदान याला तरी परफ्यूमचा वास यावा म्हणून. वास नव्हता. पण कोपऱ्यावरून फिरणारं तिचं बोट अडखळलं. तिनं कागद तिरपा धरला.

कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात फुगीर ठसा होता. ऑफिसचा शिक्का.

४

तिनं कागद लिफाफ्यात सरकवून पाहिला. लिफाफ्यावरचा ठसा आणि कागदावरचा ठसा, दोन्ही तंतोतंत एकावर एक बसले.

शिक्का दाबाचा. लिफाफ्याच्या कोपऱ्यावर दाबला की आत जे असेल त्यावरही उमटणार. म्हणजे करारसाहेबांनी लिफाफा हातात घेतला, त्या क्षणी आत हाच कागद होता. कपाटात काही घडलंच नव्हतं. करारसाहेब सुटले, परफ्यूमवाली सुटली. खरं तर निरपराध माणसं सुटली की बरं वाटायला हवं. मोजणीबाईला रडू येत होतं.

आता राहिली लेक.

लेक कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात सापडली. मोजणीबाईनं आडपडदा ठेवला नाही. "दुकानापासून ऑफिसपर्यंत चाळीस पावलं. बाबांनी लिफाफा हातात दिल्यापासून ऑफिसच्या वहीत नोंद होईपर्यंत तुला तासभर लागला. कुठे होतीस?"

लेकीनं मान खाली घातली. "इथेच. याच खुर्चीत."

"लिफाफा घेऊन?"

"हो मावशी." तिचे डोळे भरले. "फेकून द्यायचा होता मला. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ती आईची वाट बघत बसायची सवय मी सोडली, बाबांनी नाही सोडली. माझ्या लग्नाला तासाभरासाठी आले आणि दुकानाकडे पळाले. आणखी दहा वर्षं? तोवर बाबा असतील का? तासभर बसले. पण नाही फेकवला. त्यांच्या जगण्याला तेवढाच आधार आहे, म्हटलं, आपण कोण तोडणार? नेऊन दिला."

"उघडला नाहीस?"

"नाही. तुमची शपथ."

शपथेवर मोजमाप होत नसतं. मोजणीबाईनं टेबलावरचा बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे सरकवला, पिशवीतली सुतळी दिली. "हा जरा बांधून दे गं मला."

लेकीनं गोंधळून पुडा बांधला. उजव्या हातानं, सुतळी डावीकडून उजवीकडे.

मोजणीबाईनं लिफाफा मांडीवर घेतला. करारसाहेबांनी दोरा बटणाखाली एका ठिकाणी कापला होता, पण बटणाभोवतीचे वेढे तसेच्या तसे होते. वेढे उजवीकडून डावीकडे गेलेले. डावखुऱ्याचे. लिफाफ्याला चार टाके आणि चारच भोकं, पाचवं नाही. कोऱ्या कागदालाही तीच चार भोकं, त्याच अंतरावर. तिनं तीनतीनदा मोजलं, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

हा लिफाफा एकदाच शिवला गेला होता. कोऱ्या कागदासकट. आणि शिवणारा हात एकच असू शकत होता.

"काय झालं मावशी?" लेक विचारत होती. "कळलं का कोण ते?"

"उद्या सांगते," मोजणीबाई म्हणाली आणि उठली.

५

शनिवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ती दारात हजर. आत आली, दार लोटलं, आणि कोरा कागद त्याच्यासमोर ठेवला.

"तुम्हीच."

बटणवाल्यानं कागदाकडे पाहिलं. कानावर हात ठेवले नाहीत की आढेवेढे घेतले नाहीत. "लेक गिऱ्हाइकाशी बोलत होती. सही केलेलं पत्र खिशात घातलं आणि हा कागद आत शिवला," तो म्हणाला. "मला वाटलं, कोरा कागद निघेल, साहेब म्हणतील पत्र नाही, दुकान गेलं. संपलं. चौकशी होईल, आणि तुम्हालाच करावी लागेल, हे डोक्यातच आलं नाही. एरवी तुम्हाला फसवायची माझी काय टाप होती?"

"पण का? नको होतं दुकान तर नको म्हणायचं ना सरळ!"

"कसं म्हणू?" त्याचा आवाज चढला. बारा वर्षांत पहिल्यांदाच. "मी दुकान सोडलं तर मी तिला सोडलं असं होतं. लेकीला काय सांगू, तुझ्या आईची वाट बघायचा मला कंटाळा आलाय? पण दुकान काढूनच घेतलं, तर माझा काय इलाज? माणसाला सक्तीनं उठवलं, तर उठावंच लागतं. मला कुणीतरी उठवायला हवं होतं हो, बाई. चौदा वर्षं त्या दाराकडे बघून माझी मान आखडली."

मोजणीबाई स्टुलावर बसली. बाहेर रस्ता जागा होत होता, समोरच्या दुकानाच्या काचा कुणी पुसत होतं.

"आता काय लिहिणार तुम्ही?" त्यानं विचारलं.

"काय लिहू?"

"तुम्ही म्हणाल ते. पत्र ऑफिसात गेलं असं लिहिलंत, तर मी नाही म्हणणार नाही. दहा वर्षं राहीन. तुम्ही याल शनिवारी, तसंच सगळं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. एका ओळीचं काम होतं. करारसाहेबांचा नकाशा होता, किल्ली होती, परफ्यूमवालीचा अर्धा तास होता. शिक्क्याचा ठसा तिच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. एक ओळ लिहायची, आणि पाचशे शनिवार तिचे. जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं तिनं.

पण करारसाहेबांची दोन पोरं शिकत होती. आणि हा माणूस आणखी दहा वर्षं दाराकडे बघत बसणार होता, आणि ती त्याच्याकडे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिनं पिशवीतून कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: "लिफाफा दिला तसाच उघडला. मध्ये कुणीही हात लावला नाही. भाडेकरूनं मुदतवाढ मागितलेली नाही." खाली सही केली आणि त्याला वाचायला दिलं.

त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. "लेकीला मी सांगतो," तो म्हणाला. "माझ्या तोंडानं. काल सांगायला हवं होतं."

"सांगा. ती रागावायची नाही."

"आणि तुम्ही?"

"मी रागावलेय," मोजणीबाई म्हणाली. "बारा वर्षं मी इथे बटणांसाठी येत नव्हते, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात. मला तुम्ही हवे होतात. अजून हवे आहात. घ्या, बोलले एकदाची."

बटणवाल्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मलाही शुक्रवारपासून चुळबुळ व्हायची," तो हळूच म्हणाला. "दार वाजलं की वाटायचं, तुम्ही. मग आपलीच लाज वाटायची. एकीची वाट बघायला बसायचं आणि दुसरीची बघायची, हे काही शोभतं का? हे दुकान सोडायचं त्यालाही एक कारण ते. मला आता कुणाचीच वाट बघायची नाही, बाई. लेकीच्या घरी जायचं, दोन वेळचं जेवायचं, गाढ झोपायचं. तेवढंच राहिलंय अंगात."

"रास्त आहे." तिनं कागद परत घेतला. बाराला अजून वेळ होता, पण लांबवण्यात अर्थ नव्हता. "मग वाट बघू नका. मीही बघणार नाही. मलाही पुष्कळ झालं. वाटलं तर गाडीत बसेन आणि येईन तिकडे एखादे दिवशी. आले तर आले."

ती वळली, दार उघडलं. रस्त्याचा गलका एकदम आत आला.

"कधी?" त्यानं मागून विचारलं.

विचारलं मात्र, आणि त्याचा हात आपसूक तोंडावर गेला. मोजणीबाई दारातच थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तो काउंटरला टेकला आणि डोळे पुसत हसायला लागला.

"झालं," तो म्हणाला. "लागलो परत कामाला."